नंदाचा खोकला

दादा गेले, त्यानंतरच्या दिवसांत घरात माणसांची रीघ लागली होती. सतरंज्या अंथरलेल्या, चहाचे कप फिरतायत, आणि जो तो दादांची एकेक आठवण काढून उसासे टाकतोय. त्यात माझा भाचा, नंदाचा थोरला, सांगायला लागला, "आमच्या आईचा जीव आजोबांनी वाचवला. लहानपणी तिच्या श्वासनळीत शेंगदाणा अडकला होता. कुणालाच कळेना. आजोबांनी बरोबर ओळखलं, तिला खांद्यावर टाकलं आणि तडक दवाखाना गाठला." बायकांनी च्यक् च्यक् केलं. कुणीतरी डोळ्याला पदर लावला. मी उठले, स्वयंपाकघरात गेले आणि पाण्याचा तांब्या ओट्यावर असा आदळला की नंदा धावत आली. "अक्का, काय झालं गं?" मी म्हटलं, "तुझा मुलगा खोटं सांगतोय." ती खालच्या आवाजात म्हणाली, "त्याला दादांनीच तसं सांगितलंय. जाऊ दे की आता. गेलेल्या माणसाबद्दल कशाला बोलायचं?"

गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, हे मलाही माहीत आहे. पण त्याच घरात एका जिवंत बाईबद्दल जे बोललं गेलं, तेव्हा हा नियम कुणाला आठवला नव्हता. नंदाला काही आठवण्याचं कारण नाही, तेव्हा ती अजून बोबडं बोलत होती. मी सातवीत होते. मला सगळं आठवतं. आई गेली, आत्या गेली, आता दादाही गेले. म्हणजे जे घडलं ते घरातल्या माणसांपैकी माझ्याशिवाय कुणी सांगणार नाही. म्हणून सांगते.

सोलापुरात नवी पेठेच्या मागच्या बोळात आमचं घर होतं. पुढं दुकान, मधे अंगण, मागं स्वयंपाकघर आणि दोन खोल्या. अंगणात शेंगा चटणी कुटायची आणि दुकानात विकायची, हा आमचा धंदा. जमिनीत पुरलेली दगडी उखळं होती आणि त्यांवर सकाळपासून मुसळं चालायची. पलीकडच्या गल्लीत तेलुगू विणकरांचे माग खडखडत असायचे, मधूनच गिरणीचा भोंगा व्हायचा, आणि त्या सगळ्याच्या खाली आमच्या मुसळांचा धप्प धप्प आवाज. शाळेला सुट्टी असली की मी भाजलेल्या शेंगदाण्यांची सालं काढायला बसायची. सुपात घेऊन चोळायचे, पाखडायचे. सालं उडून अंगणभर व्हायची, केसात बसायची, पाण्याच्या पिंपात तरंगायची. मग उखळात दाणे, तिखट, मीठ, लसूण, जिरं. कुटत कुटत चटणीला तेल सुटलं की तिचा गोळा व्हायला लागायचा आणि मोठी आत्या बोटावर घेऊन चाखायची. मोठी आत्या म्हणजे दादांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी आली आणि चटणी तिनंच नावारूपाला आणली. घरात तिचा शब्द शेवटचा, तिच्या खालोखाल दादांचा. आई त्या दोघांच्या तोंडाकडे बघून वागायची. आता मिक्सरमधून भुगा काढतात आणि पुडक्यावर 'सोलापुरी' छापतात. असो. त्याचा राग वेगळा.

लाल तिखट उखळात पडलं की घरातली सगळी खोकायची. शेजारी खोकायचे, गिऱ्हाईक खोकायचं, रस्त्यानं जाणारा रिक्षावाला शिव्या घालत खोकायचा. हे मुद्दाम लिहून ठेवते आहे. आमच्या घरात खोकला ही काही नवलाची गोष्ट नव्हती. पण जेव्हा कुणावर तरी बोट ठेवायची वेळ आली, तेव्हा त्या सगळ्या खोकल्यांतून एकटीचाच खोकला आत्याला ऐकू आला.

ती एकटी म्हणजे गौराकाकू. शिवाकाकाची, म्हणजे दादांच्या धाकट्या भावाची बायको. कर्नाटकाच्या सीमेजवळच्या मैंदर्गीची. माहेरी सगळं कानडी, त्यामुळे मराठी बोलताना तिची जीभ अडखळायची आणि मग ती स्वतःच हसायची. लग्नात आत्यानं तिचं नाव सुमन ठेवलं, कारण गौरव्वा हे नाव तिला गावंढळ वाटलं. सुमन म्हणून हाक मारली की काकूच्या लक्षातच यायचं नाही की आपल्याला बोलावतायत, आणि त्यावरूनही बोलणी बसायची. मी आणि नंदा तिला गौराकाकूच म्हणायचो. अंगानं किडकिडीत, पण मुसळ उचललं की अर्धा दिवस थांबायची नाही. तिच्या हातची कडक भाकरी मी परत कुठं खाल्ली नाही. कागदासारखी पातळ थापायची, तव्यावरून काढून चुलीच्या कडेला उभी करून वाळवायची. दह्यात चटणी कालवून त्याच्याबरोबर ती भाकरी मोडली की कुरकुर आवाज व्हायचा आणि नंदा टाळ्या वाजवायची. नंदा तर तिच्या कडेवरच वाढत होती. आई दुकानाच्या पुड्या बांधण्यात गुंतलेली असायची, त्यामुळे तिला भरवणं, न्हाऊ घालणं, झोपवणं सगळं काकूकडं. नंदा रडायला लागली की काकू तिच्या पाठीवरून हात फिरवत "अळबेड, अळबेड" म्हणायची. रडू नको, रडू नको. नंदानं पहिल्यांदा पाणी मागितलं तेही 'नीरु' म्हणून. आत्यानं कपाळावर हात मारून घेतला होता.

आता तो दिवस. दुपारची जेवणं झाली होती. दादा अंगणात बाजेवर बसले होते आणि शेजारी भाजलेल्या दाण्यांचं सूप होतं. दादा वाईट बाप नव्हते, हे मी रागातही सांगेन. त्यांना नंदाचं फार वेड होतं. ते दाणा वर उडवायचे आणि स्वतःच्या तोंडात झेलायचे, नंदा खिदळायची. मग त्यांनी तिला समोर उभं केलं. "आ कर चिमणे, मोठा आ." एक दाणा तिच्या तोंडात टाकला. दुसरा टाकला. ती हसत होती, उड्या मारत होती, आणि त्या हसण्यातच एक दाणा आत गेला. तिचा आवाज बंद झाला. डोळे मोठे झाले, ओठ काळेनिळे पडले. दादांनी तिला पालथी धरून पाठीवर धपाधप मारलं. ती जोरात खोकली, खोकतच राहिली, मग मोठ्यानं रडली. रडल्यावर दादांच्या चेहऱ्यावर रंग आला. "गेला खाली. पोटात गेला," ते म्हणाले. मग त्यांनी दुकानाच्या दाराकडं बघितलं आणि मला म्हणाले, "आईला काय सांगू नकोस. उगं घाबरंल ती."

मी त्याच संध्याकाळी आईला सांगितलं. ती चुलीपुढं बसली होती. मी सगळं सांगितलं, दादा दाणे कसे टाकत होते, नंदा कशी काळी पडली. आईचा फुंकणी धरलेला हात थांबला. मग ती म्हणाली, "दादा म्हणले ना गेला खाली? मग गेला." मी म्हटलं, "पण अजून खोकतीय की ती." आई म्हणाली, "तू अभ्यासाला बस."

तेव्हापासून नंदाचा खोकला कधी पुरता थांबला नाही. दिवसा खेळायची, मधेच थांबून खोकायची. झोपली की छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज यायचा. ताप यायचा, बोळाच्या तोंडाशी बसणारे डॉक्टर लाल औषध द्यायचे, ताप उतरायचा, पुन्हा यायचा. आत्यानं ओव्याचा शेक दिला, कांद्याचा रस पाजला, मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. पोरगी सुकत चालली. तिचे गुबगुबीत हात बारीक झाले, ती खेळायची बंद झाली आणि काकूच्या खांद्यावर मान टाकून पडून राहायला लागली. डॉक्टर म्हणाले, "घरात कुणाला जुना खोकला आहे का? टीबीबिबी?" त्यांनी नुसतं विचारलं होतं. घरी येईपर्यंत त्या प्रश्नाचं उत्तर झालं होतं.

जेवणं चालली होती. आत्या वाढता वाढता म्हणाली, "सुमन, तुझा भाऊ कशानं गेला गं?"

काकू म्हणाली, "त्याला दमा हुता वन्सं. लहानपनापासनं."

"दमा का टीबी, कोण बघाय गेलंय? छातीचंच ना? आणि तू बी रोज खोकतीस. पोरीला दिवसभर छातीशी धरून बसतीस."

"तिखट कुटताना समदीच खोकत्यात की."

"आमी खोकतो ते तिखटानं. तू बिनतिखटाची बी खोकतीस."

मी दादांकडं बघत होते. मला वाटलं, आता ते बोलतील. त्यांनी आमटीत भाकरी कुस्करली. शिवाकाका मान खाली घालून बसला होता. मोठ्या भावापुढं त्यानं जन्मात कधी तोंड उघडलं नव्हतं. मग मीच म्हणाले, "दादा, त्या दिवशी तो शेंगदाणा..." आईनं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दादा माझ्याकडं न बघता म्हणाले, "मोठ्यांच्यात बोलायचं न्हाय." आणि मग ते वाक्य बोलले, जे मी त्यांना कधीही माफ केलेलं नाही. "शिवा, हिला माहेरी सोडून ये. पोरीच्या जिवाचा प्रश्न हाय. बरं वाटलं की आणू."

त्यांना माहीत होतं. लोक म्हणतील, त्यांना खरंच वाटलं असेल दाणा पोटात गेला. वाटलं असेल. पण मनात शंकाच नव्हती, तर मला गप्प का केलं? 'असं असं झालं होतं' एवढं सांगायला काय जात होतं? जात होतं ते एवढंच, की आत्या म्हणाली असती, बाप असून पोरीच्या तोंडात दाणे कसले फेकतोस. एवढं ऐकून घ्यायला लागू नये म्हणून त्यांनी एका बाईला टीबीचा शिक्का मारून घराबाहेर काढलं. मी पुढं पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं. शेकडो पोरं माझ्या हाताखालून गेली. मार चुकवायला ती दुसऱ्याचं नाव घेतात. पण ती पोरं असतात.

काकू गेली त्या सकाळी नंदाला तिच्याजवळ जाऊ दिलं नाही. आईनं तिला आत धरून ठेवलं आणि ती खोकत खोकत 'गौलाकाकू' म्हणून किंचाळत होती. काकू अंगणात पिशवी घेऊन उभी राहिली, एकदा म्हणाली, "अळबेड कूसु," रडू नको बाळा, आणि गेली. ती बोळातून वळल्यावर आत्यानं तिचं ताट राखेनं घासलं, उकळतं पाणी ओतलं आणि माळ्यावर फेकलं.

आता खोकला बरा व्हायला हवा होता ना? उलट वाढला. मी आत्याला विचारलं, "काकू तर गेली, मग हिला बरं का वाटंना?" आत्या म्हणाली, "रोग आत शिरलाय आता." या लोकांकडं प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. एके दिवशी नंदाला इतका दम लागला की बरगड्यांमधली कातडी आत ओढली जायला लागली. बोळातल्या डॉक्टरांनी हात टेकले आणि सरकारी दवाखान्यात न्यायला सांगितलं. दादा, आई आणि नंदा निघाले. नंदा माझा परकर सोडेना म्हणून मलाही रिक्षात घेतलं.

तिथं लहान मुलांच्या डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं, छातीचा फोटो काढायला लावला, तो उजेडात धरला आणि म्हणाले, "वर जा. कान-नाक-घशाच्या बाईंना दाखवा. आत्ताच." दादांचा पारा चढला. जिन्यात ते आईला म्हणाले, "पोरीला टीबी झालाय आन् हे कानाच्या डॉक्टरकडं धाडतायत. हिच्या कानाला काय धाड भरलीय?"

वरच्या खोलीत बाकावर माणसं दाटीवाटीनं बसली होती. कुणाच्या कानात कापूस, कुणाच्या नाकातून रक्त, एका म्हाताऱ्याच्या गळ्याला बारीक नळी बसवलेली आणि तो ती बोटानं दाबून बोलत होता. मी टक लावून बघत बसले. आमचा कागद आत गेला तशी आम्हाला रांग सोडून बोलावलं. टेबलामागं एक काळ्यासावळ्या, ठेंगण्या बाई होत्या. कपाळावर पट्टा आणि त्याला गोल आरसा. दादा उभ्या उभ्याच म्हणाले, "बाई, हिला खोकला आहे. कानाला काही नाही."

"कान, नाक, घसा, आणि घशाखाली श्वासाची नळी आहे तीसुद्धा आम्हीच बघतो," बाई म्हणाल्या. "बसा." त्यांनी नंदाच्या छातीला डावीकडं ऐकलं, उजवीकडं ऐकलं, पुन्हा डावीकडं. मग आईला म्हणाल्या, "उजव्या बाजूला हवाच जात नाहीये. खोकला कधीपासून? हळूहळू सुरू झाला, की एकदम?"

आई दादांकडं बघायला लागली.

"मी तुम्हाला विचारतेय. एकदम सुरू झाला का? काही खाताना? दाणा, फुटाणा, चिंचोका, काहीही?"

"तसं काही नाही," दादा म्हणाले. "घरात एक जण आजारी होती. टीबीची. तिच्यामुळं..."

मला आजही त्या खोलीतला स्पिरिटचा वास आठवतो. मला भीती वाटत नव्हती. राग होता, आणि इतका राग मला आधी कधी आला नव्हता. मी म्हणाले, "शेंगदाणा. शेंगदाणा अडकला होता. हसताना. ती काळीनिळी पडली होती आणि तेव्हापासनं खोकतीय."

"गप गं," आई म्हणाली.

"तिला बोलू द्या," बाई म्हणाल्या. "कुणी दिला होता?"

"दादांनी. तोंडात टाकत होते. मी आईला सांगितलं होतं त्याच दिवशी. काकूला काहीही झालेलं नाही."

दादांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत नुसता राग असता तर बरं झालं असतं. ते असं बघत होते, जशी काही मी त्यांची वस्तू चोरली होती. बाईंनी मात्र पुढं एक शब्द वाया घालवला नाही. घंटी वाजवली, कुणालातरी बोलावलं, भराभर सांगायला लागल्या आणि मग आईला समजावलं. शेंगदाणा ओला होऊन फुगतो, त्याच्या तेलानं नळी आतून सुजते, त्याच्या पलीकडं पू साठतो. पोरीला भूल देऊन तोंडातून एक सरळ पोकळ नळी आत घालायची, तिच्यातून उजेड सोडायचा आणि लांब चिमट्यानं दाणा पकडायचा. "त्याच नळीतून ती श्वास घेणार आणि त्याच नळीतून मी काम करणार. दाणा निसटून दुसऱ्या बाजूला गेला तर दोन्ही फुप्फुसं बंद. मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. पण काढला नाही, तर ती राहत नाही." आईनं तिथल्या तिथं जमिनीवर बसकण मारली.

नंदाला आत नेलं. आम्ही बाहेरच्या बाकावर. दादा खिडकीशी पाठ करून उभे राहिले. आईनं माझा हात धरायचा प्रयत्न केला, तो मी सोडवून घेतला. त्या दाराआड माझी बहीण गुदमरत असेल, आणि इथं बाहेर बसलेली ही दोघं ते कधीपासून थांबवू शकत होती, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. आईचं मला पुढं पुष्कळ कळलं. त्या घरात तिला आवाज नव्हता. पण त्या दिवशी कळलं नव्हतं, आणि कळलं म्हणून सगळा राग गेला असंही नाही.

दार उघडलं तेव्हा बाईंच्या अंगातला हिरवा डगला घामानं भिजला होता. त्यांच्या हातात स्टीलचं वाकडं तबक होतं. त्यात कापसावर तपकिरी, सुजलेले, बुळबुळीत दोन तुकडे होते. जवळ जाऊन बघितल्याशिवाय शेंगदाणा आहे हे कळलं नसतं. "निघाला," त्या म्हणाल्या. "दोन्ही भाग निघाले. आत पू आहे, औषधं चालू राहतील. पण आता हवा जातेय." आई रडायला लागली. दादांनी दोन्ही हात जोडले. बाईंनी ते हात बघितले आणि तबक दादांच्या अगदी समोर धरलं.

"खेळता खेळता दाणा जातो. रोज येतात अशी मुलं माझ्याकडं. त्यात तुमचा काही गुन्हा नाही," बाई म्हणाल्या. "पण आत्ता, टेबलाशी, मी तुम्हाला सरळ विचारलं आणि तुम्ही नाही म्हणालात. ही मुलगी बोलली नसती, तर मी आज आत गेले असते की नाही, मला माहीत नाही."

"मला वाटलं, पोटात गेला," दादा म्हणाले.

"आणि ती टीबीची कोण? तिची थुंकी तपासलीत? फोटो काढलात?"

बाईंनी वाट बघितली. खरोखर वाट बघितली. मग "घरी जाऊन तिला सांगा," एवढं म्हणून त्या वळल्या. मी त्यांना नंतर पुन्हा कधी भेटले नाही. माझ्या उभ्या आयुष्यात दादांना कुणी असं सरळ विचारलेलं मी तेवढंच बघितलं.

नंदा घरी आली. शिट्टी थांबली, भूक लागायला लागली, हात पुन्हा भरले. आत्यानं नारळ फोडला. दुकानात गिऱ्हाइकांना दादा सांगायला लागले, "पोरीच्या नळीत दाणा अडकला हुता. मला आधीपासनंच शंका." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पुडी बांधता बांधता थांबले. माझ्या समोर! पुढच्या वेळी त्यात खांद्यावर टाकून पळत जाणं आलं. काकूचं नाव कुणी काढेना. तिच्या वडलांनी तिला अक्कलकोटला नेऊन फोटो काढून आणला होता, छाती स्वच्छ होती. तसा निरोपही आला. "बघू," आत्या म्हणाली. मी रोज शिवाकाकाच्या मागं लागायची. कधी आणतोस? कधी आणतोस? अखेर दादांनीच एकदा सहज सांगितल्यासारखं सांगितलं, "शिवा, आणायची तर आण जा तिला आता. सणाचं कुटायला माणूस कमी पडतंय."

सासऱ्यासमोर एकट्यानं उभं राहायचा धीर नव्हता म्हणून काकानं मला बरोबर घेतलं. मैंदर्गीला उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. काकू दारात ज्वारी पाखडत बसली होती. तिनं मला बघितलं, सूप खाली ठेवलं आणि पहिल्यांदा विचारलं, "कूसु कसं हाय?" मी म्हटलं, "बरी आहे. शेंगदाणा होता काकू. श्वासाच्या नळीत. डॉक्टरीणबाईंनी काढला." आणि मग मी सगळं सांगितलं; कुणी फेकला, कुणी लपवलं, दवाखान्यात काय झालं. काका खाली मान घालून ऐकत होता. त्यालाही दादांचा भाग तेव्हाच कळला. घरी कुणी त्याला सांगितलंच नव्हतं.

काकूचे वडील, अप्पा, उंबऱ्यावर येऊन बसले. तिनं आत जाऊन आम्हाला पाणी आणलं, गूळ आणला. मग काकाला म्हणाली, "हितं समद्या गावाला ठाव झालंय, मला टीबी हाय म्हनून. बाया माज्या हातचं पानी घेत न्हाईत. पोरं लांबनं जात्यात. मी येते की. पर भावजींनी हितं यायचं. माज्या अप्पासमोर, ह्या दारात उभं राहून सांगायचं, हिला काय झालं नव्हतं, दाना मी टाकला हुता. मग लगेच येते."

"ते येतील का गं?" काका म्हणाला.

"न्हाई आले तर मी हाय हितंच," ती म्हणाली आणि पुन्हा सूप उचललं.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती आणि आई ताटं घेत होती. दादा पाटावर बसले होते, नंदा त्यांच्या मांडीवर. "काय म्हणली?" त्यांनी विचारलं. काकानं जसंच्या तसं सांगितलं.

"बया, काय हा ताठा!" आत्या म्हणाली.

"दार उघडं हाय," दादा म्हणाले. "यायचं तर यावं. मी कुणाच्या दारात जाऊन नाक घासणार न्हाय. वाढा."

आईनं वाढलं. काकाचंही ताट वाढलं. तो बसला नाही. दाराच्या चौकटीला धरून तसाच उभा राहिला आणि जन्मात पहिल्यांदा मोठ्या भावाकडं सरळ बघून म्हणाला, "एक वाक्य हुतं दादा." मग आत गेला, खुंटीवरचे सदरे काढले, पिशवीत भरले आणि अंगणातून निघून गेला. मैंदर्गीत त्या दोघांनी किराणा मालाचं दुकान टाकलं, तिथंच संसार केला. काकू अजून आहे, थकलीय, फोनवर अजून पहिल्यांदा नंदाचीच चौकशी करते. दादांनी नंदाच्या लग्नाला त्यांना बोलावणं धाडलं नाही आणि शिवाकाकाचं नाव निघालं की म्हणायचे, "त्याला बायकोनं फितवला."

पण त्या संध्याकाळी आम्हाला पुढचं काही माहीत नव्हतं. बोळातून काकाच्या चपलांचा आवाज ऐकू येईनासा झाला. मग आईनं त्याचं वाढलेलं ताट उचललं. ते कुठं ठेवायचं हे तिला कळेना. ती ते दोन्ही हातांत धरून तशीच उभी राहिली.

दादांनी भाकरी मोडली आणि म्हणाले, "आमटी आण."